पीसीआर पॉझिटिव्ह, बायोप्सी नॉर्मल: गर्भपिशवीच्या टीबीची औषधं सुरू करू का?

दादर_काउंटर (लालबाग), १२ जुलै

नमस्कार. मोबाइलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मजकूर लांबलाय, पण अर्धवट लिहिलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं सांगते.

माझं वय ३१. लग्नाला पाच वर्षं झाली. लालबागला चाळीत राहतो. दादरला साडीच्या दुकानात काउंटरवर आहे, सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ उभ्याने काम. तीन वर्षं झाली, मूल हवंय. मिस्टरांची तपासणी झाली, ती नॉर्मल आहे.

अंगावरून पांढरं जायचा त्रास मला लग्नाच्या आधीपासून. दुकानात बायकांसाठी बाथरूमची सोय नाही, स्टेशनजवळ जावं लागतं, म्हणून दिवसभर पाणीच कमी पिते. पांढरं जास्त जायला लागलं, खाली खाज आली की घराजवळच्या डॉक्टरांकडून गोळ्या घ्यायच्या. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी असते, पाच दिवसांचा कोर्स. गेल्या दोन वर्षांत हा कोर्स पाच वेळा झाला. शेवटचा मे महिन्यात. तपासून कोणी बघितलं नाही. मीही कधी म्हटलं नाही की बघा.

खरी भीती पाळीची वाटते. आधी चार दिवस व्यवस्थित जायचं. मग तीन झाले, मग दोन. आता दीड दिवस, आणि एकच पॅड पुरतं. दुकानातल्या बायका म्हणतात, सुटलीस की गं. मला तसं वाटत नाही. आत काहीतरी आटत चाललंय असं वाटतं.

जूनमध्ये परळला एका मोठ्या डॉक्टर बाईंना दाखवलं. सोनोग्राफीत अस्तर ५.२ मिलिमीटर आलं, त्या दिवसांत ते जास्त जाड हवं होतं म्हणाल्या. मग पिशवीतून तुकडा काढला. तो पाळीच्या नवव्या दिवशी काढला, कारण मला सोमवारचीच सुट्टी मिळते आणि तो सोमवार होता. दोन रिपोर्ट आले. पहिल्यात लिहिलंय, 'प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम. ग्रॅन्युलोमा दिसला नाही. तुरळक प्लाझ्मा पेशी.' दुसरा कागद पीसीआरचा, त्यावर 'टीबी पॉझिटिव्ह'.

डॉक्टरांनी कागद बघितले आणि सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लिहून दिली. मी विचारलं, एकात नाही आणि एकात आहे असं कसं? बाहेर रांग होती. 'घेऊन टाका, नुकसान काही नाही,' एवढंच उत्तर मिळालं.

चिठ्ठी दहा दिवस पर्समध्ये आहे. सासूबाई म्हणतात, खोकला नाही, ताप नाही, कसला टीबी? मिस्टर काही बोलत नाहीत, पण चाळीत कळलं तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. काल मी माझं ताट-वाटी वेगळी ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच वाटलं.

कोणाला असा अनुभव असेल तर सांगा. सुरू करू की दुसरीकडे दाखवू?

आणखी एक, बहुतेक याच्याशी संबंध नसेल. मी तेरा वर्षांची असताना सावंतवाडीला मानेत गाठ आली होती. बरेच महिने गोळ्या होत्या. कशाच्या ते आईने कधी सांगितलं नाही. लघवी लाल व्हायची आणि मी शाळेत जायला घाबरायचे, एवढं आठवतं.


सोनचाफा (भांडुप), १२ जुलै

ताट-वाटी आधी परत एकत्र ठेव. आजच ठेव. फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून पसरतो. पिशवीचा टीबी ताटातून, पाण्यातून किंवा शेजारी बसल्याने कोणाला होत नाही. मी हे उशिरा शिकले, तोवर चार महिने एकटी जेवले होते.

माझं २०१९ सालचं. पाळी अशीच कमी झाली होती. पण माझ्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीची खूण, स्पष्ट आला होता, त्यामुळे घेऊ की नको हा प्रश्न नव्हता. औषधं महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून घेतली, पूर्ण फुकट. माझं वजन ४८ किलो होतं म्हणून रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं असतात, पुढचे चार महिने तीन. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. पहिला पंधरवडा मळमळ खूप झाली. लघवी नारिंगी-लाल होते, घामालाही रंग येतो, त्याला घाबरायचं नाही. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा रंग ओळखायला त्रास व्हायला लागला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि या काळात गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, त्यांचा असर कमी होतो. आम्हाला कंडोम वापरायला सांगितलं होतं.

पुढचं खरं सांगते, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं. औषधांनी टीबी गेला. पाळी थोडी सुधारली, पण पहिल्यासारखी झाली नाही. दुर्बिणीने बघितलं तेव्हा पिशवीच्या भिंती दोन ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या सोडवल्या. दोन्ही नळ्या बंद निघाल्या. आयव्हीएफ दोनदा केलं, दोन्ही वेळा अस्तर सहाच्या वर गेलंच नाही. आता आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलंय. माझ्याबरोबर औषधं घेणाऱ्या एका मुलीला आयव्हीएफने मुलगी झाली, तिचं अस्तर वाचलं होतं. म्हणून म्हणते, टीबी असेल तर एक महिनाही वाया घालवू नकोस. पण आहे की नाही हे मात्र पक्कं करून घे. सहा महिने त्या गोळ्या खाणं म्हणजे 'नुकसान काही नाही' असं नसतं.


स्लाइड_आणि_ब्लॉक (नायगाव), १३ जुलै

मी डॉक्टर नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये २६ वर्षं टेक्निशियन होते, २०२१ मध्ये निवृत्त झाले. पिशवीच्या अस्तराचे किती तुकडे माझ्या हातून मेणात बसले असतील त्याची गणती नाही. निर्णय तुझ्या डॉक्टरांचाच. पण तो तुकडा टेबलापर्यंत कसा येतो ते मला ठाऊक आहे, आणि तुझी पोस्ट वाचताना मी 'नवव्या दिवशी' या शब्दांवर थांबले.

अस्तराला दोन थर असतात. खालचा कायमचा, जमिनीसारखा. वरचा त्यातून दर महिन्याला उगवतो आणि पाळीत निघून जातो. टीबीचे जंतू बहुतेक वेळा रक्तातून आधी नळ्यांमध्ये येऊन बसतात आणि तिथून खाली पिशवीत उतरतात. म्हणून या आजारात नळ्या जवळजवळ प्रत्येकीच्या बिघडतात, अस्तरात मात्र तो सगळ्यांच्या सापडत नाही. अस्तरात तो उतरला तरी वरच्या थरात खुणा तयार व्हायला वेळ लागतो. साधा ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला पंधरा-वीस तास लागतात. शरीराच्या पेशी त्याच्याभोवती गोळा होऊन जी गाठ करतात, तोच ग्रॅन्युलोमा. तो दिसण्याइतका मोठा होईपर्यंत महिना संपत येतो. मग पाळी येते आणि थरासकट खूणही वाहून जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे तुकडा घ्यायचा तो पाळीच्या तोंडावर, दोन-तीन दिवस आधी, किंवा पाळी सुरू झाल्यावर पहिल्या बारा तासांत. नवव्या दिवशी तुझं अस्तर नुकतंच उगवत होतं. रिपोर्टमधल्या 'प्रोलिफरेटिव्ह' या शब्दाचा अर्थ तोच. कुठल्या दिवसाचं अस्तर आहे हे काचेवर ओळखता येतं. बीज बाहेर पडल्यानंतर दोन-तीन दिवसांनी ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाखाली पोकळ्या दिसतात, नंतर ग्रंथी करवतीच्या दातांसारख्या होतात. हे सगळं १९५० साली नॉयेस, हर्टिग आणि रॉक या तिघांनी दिवसवार लिहून ठेवलं आणि आजही डॉक्टर त्यावरच बघतात. त्यामुळे 'ग्रॅन्युलोमा दिसला नाही' हे तुझ्या रिपोर्टमधलं वाक्य खरं आहे, पण त्यावरून टीबी नाही असं ठरत नाही. टीबी असला तरी त्या दिवशी त्याची खूण दिसेलच असं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असायचा. दहातल्या सहा-सात फॉर्मवर तो कोरा. मी वॉर्डात फोन करून विचारायचे, तिथे पेशंट घरी गेलेली. आम्हा टेक्निशियन बायकांना त्या कोऱ्या रकान्याचा जितका राग यायचा तितका कशाचाच येत नसे.

दुसरी गोष्ट बाटलीची. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, तुकडा फॉर्मलिनमध्ये घालतात. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, मग तो कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या चाचणीत, वाढणं शक्यच नाही. कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीचा जंतू आहे का आणि त्यावर रिफाम्पिसिन हे औषध चालेल का, हे यंत्रावर बघायची चाचणी) वेगळा तुकडा साध्या सलाइनमध्ये, लगेच पाठवायचा. एक बाई कल्याणहून दोनदा सुट्टी काढून आली होती. तिचा सगळा तुकडा फॉर्मलिनच्या एकाच बाटलीत आला, आणि फॉर्मवर कल्चर लिहिलेलं. मी ती बाटली हातात धरून उभी राहिले होते. आता काहीच करता येत नाही हे तिला सांगायचं कोणी? शेवटी मीच सांगितलं. तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकीला सांगते, आत जायच्या आधी विचारायचं: बाटल्या किती, आणि कशात काय आहे?

आता पीसीआर. ती जंतूचा अंश शोधते. तो अंश जिवंत जंतूचा की जुन्या, मेलेल्या जंतूचा हे तिला कळत नाही. लॅबमध्ये शेजारच्या नमुन्यातून कणभर मिसळलं तरी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून फुफ्फुसाबाहेरच्या टीबीसाठी २०१६ साली देशाच्या ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, इंडेक्स-टीबी म्हणतात त्यांना, त्यात एकट्या पीसीआरवर औषधं सुरू करायला पाठिंबा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसावा, कल्चरमध्ये वाढावा, हिस्टोपॅथॉलॉजीत खूण मिळावी किंवा पोटात दुर्बिणीने टीबीची लक्षणं दिसावीत, असा काहीतरी ठोस आधार हवा. यातही अडचण आहे, तीही सांगते. काचेवर जंतू दिसायला नमुन्यात मिलीलीटरमागे दहा हजारांच्या आसपास लागतात, आणि पिशवीच्या टीबीत ते फार थोडे असतात. कल्चरला थोडे पुरतात पण द्रव माध्यमातही सहा आठवड्यांपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून एकच चाचणी करून भागत नाही, सगळ्या एकाच वेळी आणि योग्य दिवशी करायच्या. रक्तातली टीबीची अँटीबॉडी चाचणी कोणी सुचवली तर करू नकोस. तिच्यावर आपल्या देशात २०१२ पासून बंदी आहे.

तुझ्या त्या ऑफ्लॉक्सासिनकडे येते. तो टीबीवरही थोडाफार चालतो. पाच-पाच दिवसांचे कोर्स टीबी बरा करत नाहीत, पण जंतू दबतो आणि तपासणीत सापडत नाही. पुढचा तुकडा देईपर्यंत हे औषध घेऊ नकोस, आणि डॉक्टरांना पाचही कोर्सची माहिती दे.

'तुरळक प्लाझ्मा पेशी' ही ओळ कोणी वाचली का ते विचार. पांढऱ्या पेशींचे काही प्रकार अस्तरात एरवीही असतात, पाळीच्या आधी तर भरपूर. प्लाझ्मा पेशी मात्र पुष्कळ दिसल्या तर साध्या जंतूंनी आलेली जुनी सूज असू शकते. तिला क्रॉनिक एंडोमेट्रायटिस म्हणतात. तिचं औषध वेगळं, बहुधा डॉक्सीसायक्लिन, चौदा दिवस. सहा महिन्यांची एकेटी त्यासाठी नसते. नवव्या दिवशीच्या अस्तरात एखाद-दुसरी प्लाझ्मा पेशी निरोगी बाईतही सापडते, म्हणून मोजून बघावं लागतं. सीडी १३८ नावाचा रंग दिला की या पेशी तपकिरी उठून दिसतात. त्यासाठी पुन्हा तुकडा द्यायला नको. तुझा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये आहे. त्यातून नवे काप निघतात, एकेक चार मायक्रॉनचा. अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घेता येतात, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. लॅब नाही म्हणत नाही.

आणि तू म्हणतेस ना 'बहुतेक संबंध नसेल'? अगं, लघवी लाल करणारं औषध म्हणजे रिफाम्पिसिन. मानेतली गाठ आणि महिनोन्‌महिने लाल लघवी, हे ऐकून मला तरी टीबीच आठवतो. आईला विचार. स्पष्ट विचार. आधी टीबी झालेला असेल तर पीसीआरला जुना अंश सापडला असण्याची शक्यता आहे. पण तेव्हाच रक्तातून नळ्यांत गेलेला जंतू इतकी वर्षं झोपून आता जागा झाला असण्याचीही आहे. शिवाय आधी औषधं झालेली असली तर आता कोणती लागू पडतील हे बघावं लागतं. त्यासाठी सीबीनॅट आणि कल्चर जास्तच गरजेचं.

एक काळजी घे. पाळीच्या तोंडावर तुकडा द्यायचा म्हणजे त्या महिन्यात गर्भ राहिलेला नसावा. त्या महिन्यात कंडोम वापरा आणि त्या दिवशी सकाळी लघवीची चाचणी करूनच जा. आणि सोमवार सोडून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागावी लागली तर माग. मालकाला कारण सांगायची गरज नाही.


दादर_काउंटर (लालबाग), १३ जुलै

ताई, तुमचं उत्तर दुकानात काउंटरखाली मोबाइल धरून वाचलं. गिऱ्हाईक समोर होतं आणि मला साडीची किंमत सांगता येईना. आईला रात्री फोन करते.

सोनचाफा, ताट परत ठेवलं.

एकच विचारते. पांढरं जातं ते टीबीमुळे का? की ते वेगळंच काही आहे?


बिगाऱ्यांची_ताई (गोवंडी), १४ जुलै

मी गोवंडीच्या वस्तीत आरोग्य सेविका आहे, अठरा वर्षं. वरच्या ताईंइतकं काचेखालचं मला कळत नाही, पण पांढऱ्या पाण्याच्या तक्रारी रोज ऐकते.

पांढरं जाणं हे बहुतेकदा वेगळंच निघतं. आणि प्रत्येक पांढरं जाणं रोगही नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, ताणलं जाणारं, वास नसलेलं पाणी प्रत्येकीला जातं. खाज, दह्यासारखे गोळे असले तर बुरशी. राखाडी पातळ पाणी आणि मासळीसारखा वास असला तर आतल्या चांगल्या जंतूंचा तोल गेलेला असतो. ते चांगले जंतू आतला आंबटपणा टिकवतात. साबणाने, सुगंधी वॉशने आतून धुतलं की तेच मरतात. आमच्या बायका वास येतो म्हणून जास्त धुतात आणि जास्त धुतात म्हणून वास येतो. बाहेरून साधं पाणी, एवढं पुरे. हा अस्वच्छतेचा आजार नाही, कोणी तुला तसं ऐकवलं असेल तर विसरून जा.

सरकारी दवाखान्यात यासाठी रंगांची पाकिटं असतात, फुकट मिळतात. पांढऱ्या पाण्याचं हिरवं पाकीट, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. ओटीपोटात दुखत असेल, सूज वर चढलेली असेल तर पिवळं पाकीट, ते चौदा दिवसांचं. पण ते देण्याआधी स्पेक्युलम, म्हणजे आतून बघायचं साधन, घालून तपासायचं असतं. तुला पाच वेळा गोळ्या मिळाल्या आणि एकदाही तपासलं नाही, हे चुकलंच. सायन, केईएम, नायर कुठेही 'सुरक्षा क्लिनिक' विचार. तिथे समुपदेशक असते आणि नाव बाहेर जात नाही.

न दिसणारं दुखणं जास्त वाईट. क्लॅमिडिया नावाचा जंतू कित्येक बायकांना काहीच त्रास देत नाही आणि आत नळ्या चिकटवून जातो. स्वीडनमध्ये बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बघितलं होतं. ओटीपोटाची सूज एकदा झालेल्यांपैकी साधारण आठ टक्के बायकांच्या नळ्या निकामी झाल्या, दोनदा झालेल्यांत वीस टक्क्यांच्या आसपास, तीनदा किंवा जास्त झालेल्यांत चाळीस. म्हणून क्लॅमिडियाचीही तपासणी मागून घे. टीबी निघाला तरी.

नवऱ्यालाही बरोबर ने. माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते, तिने मला ऑस्ट्रेलियाचा अभ्यास दाखवला, २०२५ मध्येच आलाय. ज्या बायकांना वासाचं पाणी जायचं त्यांच्या नवऱ्यांनाही गोळ्या आणि मलम दिलं, तर बारा आठवड्यांत ३५ टक्के बायकांना परत झालं. नवऱ्यांना काही दिलं नाही तिथे ६३ टक्क्यांना. मी हे आकडे वहीत लिहून ठेवलेत. वस्तीत पुरुष म्हणतात, माझा काय संबंध? आता वही दाखवते.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ते जंगलातलं गाव आहे. मग गोवंडीत बायकांशी बोलायला लागले. समोर मोठं हॉस्पिटल, रिक्षाने वीस मिनिटं, आणि चार बाळंतपणं झालेली बाई म्हणते, मला आजवर कोणी तसं तपासलं नाही. पिशवीला सूज आहे एवढं सांगून काहींची पिशवी पस्तिशीत काढलीसुद्धा. सूज कसली ते कोणी बघितलं नव्हतं. मला हे लिहितानाही त्रास होतो.

टीबी पक्का झाला तर डॉक्टरांना निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, नोंद करायला सांग. ती कायद्याने करावीच लागते, आणि आता महिन्याला हजार रुपये पोषणासाठी खात्यावर येतात. ते तुझे आहेत, माग.


दादर_काउंटर (लालबाग), २१ सप्टेंबर

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही, माफ करा. रिपोर्ट हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आईला त्याच रात्री फोन केला. आधी म्हणाली, साधी गाठ होती. मी विचारलं, मग लघवी लाल का व्हायची? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, टीबीच होता. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितली होती, पण गाठ गेली म्हणून पाच महिन्यांत बंद केली. 'मुलीचं लग्न जमायचं होतं गं, कोणाला सांगणार?' मी रागावले नाही. रागवायचं होतं, पण ती रडायला लागली.

डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांना सगळं लिहून दिलं: पाच कोर्स, मानेची गाठ, अर्धवट औषधं. ते कागद त्यांनी दोनदा वाचले. ऑगस्टमध्ये पाळीच्या सव्विसाव्या दिवशी, गुरुवारी, दुर्बिणीने बघून तुकडा घेतला. सकाळी लघवीची चाचणी करून गेले होते. टेबलावर झोपायच्या आधी मी सिस्टरांना विचारलं, बाटल्या किती? त्या चमकल्या. मग दोन्ही बाटल्या मला दाखवल्या, एक फॉर्मलिनची, एक सलाइनची. फॉर्मवर तारीख मी स्वतः बघून घेतली.

हिस्टोपॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा आला, दोन ठिकाणी. सीबीनॅट निगेटिव्ह आलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ. क्लॅमिडिया नाही. पिशवीत एका बाजूला पातळ चिकटलेलं आहे, पण डॉक्टर म्हणाले खालचा थर बराचसा शाबूत दिसतोय. नळ्यांचं आताच काही सांगत नाहीत, औषधं झाल्यावर बघू म्हणाले.

पांढऱ्या पाण्यासाठी सुरक्षा क्लिनिकला गेलो. दोघं गेलो. मिस्टर बाहेरच्या बाकावर बसले होते, समुपदेशकबाईंनी त्यांनाही आत बोलावलं. येताना त्यांनी परळच्या नाक्यावर चहा घेतला आणि म्हणाले, तुझ्या आईला फोन कर, त्यांना सांग की मी रागावलेलो नाही.

औषधं सोमवारपासून सुरू झाली, महापालिकेच्या केंद्रातून. तीन गोळ्या. पहिल्या दिवशी दुपारी स्टेशनजवळ बाथरूमला गेले तर तोच रंग. अठरा वर्षांनी. शाळेच्या बाथरूमची आठवण आली.

स्लाइडताई, कल्चर अजून यायचंय. सहा आठवडे ९ ऑक्टोबरला पूर्ण होतात. कागद मिळाला की इथे टाकते.